खुले पत्र : चिखलात बिलं शोधायला लावू नका

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
आणि महाराष्ट्रात दुकानांचा, घरांचा विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांचे प्रमुख

स. न. वि. वि.

मी चिपळूणच्या बाजारपेठेत कापडाचं दुकान चालवते. सासऱ्यांनी 1974 साली टाकलेलं. गेल्या आठवड्यात आमच्या विमा कंपनीची नूतनीकरणाची सूचना आली. हप्ता वाढलाय, त्याचं एवढं नाही, सगळंच वाढतं. पण पुराने नुकसान झालं तर त्यातले पहिले 25 टक्के आता आम्ही सोसायचे आहेत. खाली बारीक अक्षरात एक अट आहे : माल जमिनीपासून किमान सहा इंच उंचावर ठेवलेला असावा.

सहा इंच. 22 जुलै 2021 ला माझ्या दुकानात साडेदहा फूट पाणी होतं. भिंतीवर त्याची रेघ आहे. दर दिवाळीला रंगारी विचारतो, वहिनी, ही आता घालवू का? मी नको म्हणते. ती सूचना वाचली आणि हे पत्र लिहायला बसले.

ज्यांना चिपळूण माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. कोयनेच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत येतं, वरून सह्याद्रीचा पाऊस येतो आणि खाली दाभोळच्या खाडीला भरती असली की नदीला पुढे जायला वाट राहत नाही. मग ते पाणी गावात शिरतं. 26 जुलै 2005 ला शिरलं होतं, म्हणून त्या पावसाळ्यापासून आम्ही खालचा माल माळ्यावर चढवायला शिकलो. 2021 ला ते पहाटे आलं आणि माळ्याच्या फळीलाही लागलं. त्याच दिवशी महाडमध्ये सावित्री नदी शिरली. म्हणजे हे पत्र एका दुकानाचं नाही. पण आकडे मी माझेच सांगते, कारण ते मला पाठ आहेत.

आमचा विमा बँक दरवर्षी उतरवायची, सीसीच्या म्हणजे माल तारण ठेवून घेतलेल्या कर्जासोबत, पुराआधीचा शेवटचा ऑक्टोबर 2020 मध्ये. बाजारात त्याला आगीचा विमा म्हणतात. पूर आणि वादळ त्याच्या पोटात येतं. पॉलिसीचा कागद मी पुराआधी पाहिलेला नव्हता, तो बँकेच्या फायलीत. हप्ता मात्र खात्यातून जात होता. मालाचा विमा 25 लाखांचा. हा आकडा चार वर्षं कुणी बदलला नव्हता, बँकेने नाही, एजंटने नाही आणि मीही नाही. यात माझी चूक आहे आणि ती मी आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी.

आता तक्रारी.

पहिली वेळेची. 22 तारखेला पाणी, 23 ला चिखल, फोन बंद, वीज नाही. पुण्याच्या भाच्याने 24 तारखेला आमच्या वतीने कंपनीला ईमेल केला. तेव्हा लागू असलेल्या प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून 72 तासांत सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा माणूस, नेमायला हवा होता. नेमला असेलही, कागदावर. दुकानात तो आला 2 ऑगस्टला. तोवर काय झालं होतं ऐका. रोगराई पसरेल म्हणून सडका माल रस्त्यावर काढा, अशी सूचना भोंग्यावरून दिवसभर चालू होती आणि ती बरोबरच होती. तीन दिवस पाण्यात राहिलेल्या सुती कापडाला वास येतो तो ज्याने घेतलाय त्यालाच कळेल. डंपर येत होते, जेसीबी भरत होते. आमचा पन्नास वर्षांचा धंदा चार फेऱ्यांत गेला. तलाठी पंचनामा करून गेले. आणि कळवल्यापासून नवव्या दिवशी सर्व्हेअर साहेब गुडघ्यापर्यंतचे बूट घालून आले आणि पहिला प्रश्न विचारला, "माल कुठे आहे?"

मी दोन गाठोडी मुद्दाम ठेवली होती. त्यातली एक इरकल त्यांच्यासमोर काउंटरवर उलगडली. घडीच्या आत बोटभर गाळ, अगदी लोण्यासारखा मऊ. शेजारच्या लाल ब्लाऊजपीसचा रंग पदरावर उतरलेला. काठ हिरवा पडलेला, आणि सगळ्याला डिझेलचा वास, कारण वरच्या अंगाच्या गॅरेजमधलं टिपाड फुटलं होतं. साहेबांनी दोन बोटांनी कापड चोळलं आणि म्हणाले, "धुऊन सेलमध्ये जाईल ना." अहवालात त्याचं झालं 30 टक्के सॅल्व्हेज, म्हणजे खराब माल विकून येतील असे धरलेले पैसे. जो माल डंपरमधून गेला त्यावरही 30 टक्के. धुऊन विकता येणारा तो माल नेमका कुठे आहे हे मी कंपनीला दोन पत्रं लिहून विचारलं. उत्तर आलं नाही.

दुसरी तक्रार हीच खरी मोठी आहे, म्हणून जरा सविस्तर.

सर्व्हेअरनी खरेदीची बिलं मागितली. बिलं गल्ल्याखालच्या कपाटात होती. कपाट पाण्यात. संगणक पाण्यात. उधारीची वही सापडली, तिचा लगदा झाला होता. सीएंकडे मार्चपर्यंतचे हिशेब होते. जीएसटीच्या पोर्टलवरून, व्यापाऱ्यांनी भरलेल्या विवरणांमधून, आम्ही जमेल तेवढी खरेदी काढून दिली. इचलकरंजीच्या दोन पेढ्यांनी बिलांच्या प्रती पाठवल्या, सुरतच्या एकाने फोनच उचलला नाही. एवढं करून हाती लागली 16 लाखांची बिलं. शिवाय बँकेला दर महिन्याला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट होतं. जूनअखेरचा आकडा 40 लाख. एवढा माल का, तर एप्रिल ते जून टाळेबंदी होती. लग्नसराईसाठी भरलेलं सगळं तसंच पडून होतं.

सर्व्हेअर म्हणाले, स्टॉक स्टेटमेंट बँकेसाठी असतं, नुकसानीचा पुरावा म्हणून चालत नाही. ठीक. म्हणून नुकसान धरलं 16 लाख. प्रत्यक्षात गेला होता 34 लाखांचा माल.

मग अहवालाचं पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं, दुकानात 40 लाखांचा माल असताना विमा 25 लाखांचाच, म्हणजे विमा कमी उतरवलाय, म्हणून भरपाई त्या प्रमाणात कापायची. हे 40 लाख कुठून आले? त्याच स्टॉक स्टेटमेंटमधून!

हिशेब असा. 16 लाखांतून सॅल्व्हेजचे 4 लाख 80 हजार गेले, उरले 11 लाख 20 हजार. त्याला 25 भागिले 40 ने गुणलं, म्हणजे 7 लाख. त्यातून पॉलिसीप्रमाणे आम्ही सोसायचे 5 टक्के, 35 हजार. हाती 6 लाख 65 हजार.

साहेब, 40 लाख खरे असतील तर नुकसानीलाही ते खरे धरा. 16 लाखच खरे असतील तर दुकानात माल तेवढाच होता, आणि मग 25 लाखांचा विमा पुरून उरत होता. कापायचं कारणच नाही. एकच कागद कापताना खरा आणि देताना खोटा, हे कुठल्या हिशेबात बसतं? आमच्याकडे वजनाचा एक काटा घेण्यासाठी आणि दुसरा देण्यासाठी ठेवणाऱ्या दुकानाला गिऱ्हाईक काय म्हणतं ते इथे लिहीत नाही.

एप्रिल 2021 पासून तुम्ही छोट्या धंद्यांसाठी भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा ही पॉलिसी आणलीत, त्यात विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती तूट माफ आहे, हे मला माहीत आहे. चांगली गोष्ट. आमची पॉलिसी जुनी, आणि तूटही जास्त होती, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. पण दोन मोजमापांचा हा खेळ नव्या पॉलिसीतही कुणी थांबवलेला नाही.

आणखी एक. जून 2024 च्या परिपत्रकात तुम्ही स्पष्ट लिहिलंत की कागदपत्रं नाहीत म्हणून दावा नाकारायचा नाही, लागणारे कागद पॉलिसी देतानाच मागून घ्यायचे. वाचून बरं वाटलं. पण माझा दावा कुणी नाकारला नव्हता. कापला होता. नाकारण्याला तुम्ही कुलूप लावलंत, कापण्याचं दार सताड उघडं आहे.

तिसरी तक्रार थोडक्यात. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सर्व्हेअरचा अहवाल 30 दिवसांत यायला हवा होता, आमचा आला जानेवारी 2022 मध्ये. पैसे आले मेमध्ये. दहा महिने. उशीर झाला तर बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज द्यायचं, असा नियम होता. व्याज आलं नाही, आणि असं काही मागता येतं हे मला तेव्हा ठाऊकही नव्हतं. बँकेला मात्र सीसीचं व्याज दर महिन्याला ठाऊक होतं.

चौथी, सहीची. पैसे देण्याआधी इंग्रजीत छापलेलं व्हाउचर आलं : फुल अँड फायनल, यापुढे काही मागणी नाही. एजंट म्हणाला, सही करा वहिनी, नाहीतर हेही अडकेल. सुरतचा व्यापारी रोज फोन करत होता, आता तो उचलत होता. मी सही केली. तुमच्या सप्टेंबर 2015 च्या परिपत्रकात म्हटलंय की अशा सहीने जास्त मागण्याचा ग्राहकाचा हक्क बुडत नाही. ते मला कळलं दीड वर्षाने, एका ओळखीच्या वकिलांकडून. विमा लोकपालाकडे जायची मुदत एक वर्षाची, ती उलटून गेली होती. लोकपालाचं कार्यालय पुण्यात, तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही, आता 50 लाखांपर्यंतचा निवाडा ते देऊ शकतात. इतकी चांगली सोय, आणि बाजारपेठेतल्या ज्या ज्या दुकानदाराला विचारलं त्याला ती माहीतच नव्हती. हप्ता भरायची आठवण करून देणारे चार मेसेज येतात, त्यातल्या एकात ही ओळ घातली तर काय बिघडतं?

पाचवी तक्रार वाऱ्याची आहे आणि ती माझी नाही, माझ्या नणंदेची. ती दिवेआगरला दिलेली. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर. घराच्या पडवीचे पत्रे उडून मागच्या सुपारीच्या वाडीत पडले, माजघरावरची कौलं गेली. त्यानंतर दिवसभर पाऊस त्या उघड्या घरात पडत होता. फ्रिज, गाद्या, कपाटं, लेकीच्या लग्नासाठी घेतलेलं सामान, सगळं भिजलं. तिचा विमा घराच्या कर्जासोबतचा, सामानासकट. कंपनीने कौलांचे आणि पत्र्यांचे पैसे दिले. आतल्या सामानाला नाही म्हणाले. कारण काय, तर ते पावसाच्या पाण्याने खराब झालं, पाऊस म्हणजे पूर नव्हे आणि वादळही नव्हे. शिवाय वादळ झालं होतं याचा हवामान खात्याचा दाखला आणा! देशभर टीव्हीवर जे दिवसभर दिसत होतं त्याचा दाखला, विजेविना अंधारात बसलेल्या बाईकडून.

अमेरिकेत असंच झालं होतं म्हणे. 2005 साली कतरिना चक्रीवादळानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर कित्येक घरांच्या जागी नुसता चौथरा उरला. घर वाऱ्याने पाडलं की समुद्राच्या पाण्याने, यावर लोक वर्षानुवर्षं कोर्टात भांडत होते. पण तिथे भांडणाला निदान कारण तरी होतं : वाऱ्याचा विमा खासगी कंपन्यांचा, आणि पुराचा 1968 पासून चालत आलेल्या सरकारी योजनेचा. प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवी. आपल्याकडे वादळ, चक्रीवादळ, टायफून, हरिकेन, टॉर्नेडो, पूर, सगळं एकाच पॉलिसीत, एकाच वाक्यात आहे. होय, हरिकेनसुद्धा! कोकणात त्या नावाचं काही येत नाही, पण आमच्या पॉलिसीत त्याला जागा आहे. तरी वाऱ्याने फोडलेल्या छपरातून आत पडलेल्या पावसाला मात्र त्यात जागा नाही म्हणता.

आता त्या 25 टक्क्यांबद्दल. चिपळूण धोक्याचं आहे, मान्य. पण 2021 नंतर इथे लोक गप्प बसलेले नाहीत. गाळ काढा म्हणून साखळी उपोषण केलं, त्यानंतर वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ निघाला. आम्ही विजेचे बोर्ड वर घेतले, बिलांचे फोटो काढून भाच्याच्या पुण्याच्या संगणकावर ठेवतो, माळा वाढवला. हप्ता ठरवताना यातलं काही धरलंत का? की पिनकोड पाहिला आणि आकडा टाकला?

पूर आल्यावर सरकारने दुकानदाराला मदत दिली ती जास्तीत जास्त 50 हजार. त्यावर कापडाचं दुकान उभं राहत नाही, पण ते पैसे तलाठ्याच्या पंचनाम्यावर मिळाले आणि विम्याच्या कितीतरी आधी मिळाले. त्या वेळी राज्य सरकारने विमा कंपन्यांनाही सांगितलं होतं, महसूलचे पंचनामे ग्राह्य धरा, निम्मी रक्कम आधी द्या. काहींना मिळाली असेल. मला मिळाली नाही.

म्हणून माझं मागणं असं आहे.

मालाची मोजणी विमा विकताना करा. पाच मिनिटांचा व्हिडिओ, स्टॉक स्टेटमेंटची प्रत, आणि दोन्ही तुमच्याकडे ठेवा, कारण तुमचं कार्यालय वाशिष्ठीच्या काठी नाही. जो आकडा विमा कमी होता हे दाखवायला वापराल तोच नुकसान मोजायलाही वापरलाच पाहिजे, असं स्पष्ट नियमात लिहा.

पूर आला याचा पुरावा ग्राहकाकडे मागू नका. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर आणि धोका पातळी 7 मीटर आहे, तिची नोंद पावसाळ्यात प्रशासन रोज प्रसिद्ध करतं. पाणी धोक्याच्या वर गेलं आणि पंचनामा झालेला असला की अंदाजित रकमेच्या निम्मे पैसे 15 दिवसांत खात्यावर जमा करा, बाकीचं भांडण मागाहून. नागालँडने तर पावसाच्या आकड्यावर थेट पैसे मिळतील असा विमा राज्यासाठी घेतला. इथे निदान आगाऊ रकमेपुरतं तरी ते करता येईल.

वाऱ्याने छप्पर फुटून आत पाऊस आला तर ते वादळाचंच नुकसान, हे सगळ्या पॉलिसींत मराठीत छापा. वादळाचा दाखला कंपनीनेच हवामान खात्याकडून घ्यावा.

सॅल्व्हेजचे पैसे कापायचे असतील तर तो माल कंपनीने उचलून न्यावा. खरंच विकला जातो का ते कळेल.

उशिराचं व्याज मागितल्याशिवाय द्या. व्हाउचरवर मराठीत ठळक ओळ हवी की ही रक्कम घेतल्याने जास्त मागायचा हक्क जात नाही, आणि खाली लोकपालाचा पत्ता. सर्व्हेअरचा अहवाल आम्हाला तुमच्यासोबतच मिळावा, सहा महिन्यांनी पाया पडून नव्हे. पॉलिसीचा कागद कर्जदाराच्या हातात द्या, बँकेच्या फायलीत नको.

पुराची एक्सेस, म्हणजे आम्ही सोसायचा वाटा, 5 वरून 25 टक्के कशी झाली, याचा हिशेब कंपनीने लेखी द्यावा. आणि 2021 च्या पुरात चिपळूण आणि महाडमधून किती दावे आले, किती मागितले, किती दिले, किती दिवसांत दिले, हे प्राधिकरणाने गावनिहाय जाहीर करावं.

नूतनीकरणाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. मी हप्ता भरणार आहे, कारण न भरून चालणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. अर्जात मालाच्या किमतीचा रकाना मी कोरा ठेवलाय. कंपनीने माणूस पाठवावा आणि स्वतः मोजून तो भरावा. सकाळी दहानंतर कधीही या. थान, पीस, पैठण्या, फॉलची पाकिटं, सगळं मोजा, माळ्यावर चढायला शिडी आहे. चहा देईन. आणि भिंतीवरची रेघ दाखवीन, सहा इंच तिथून खाली मोजा की वर, तुमचं तुम्ही ठरवा.

आपली,
बाजारपेठेतली एक कापडदुकानदार
चिपळूण, जि. रत्नागिरी